साखरपुडा आणि अक्षता यांच्या मधे

'लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीतला लग्न 'करणारा' म्हणजे मुलीचा बाप, हे न सांगता सर्वांना कळते. ज्या दोघांचे लग्न असते ती दोघे या म्हणीत कुठेच नाहीत. जरा बारकाईने पाहिले तर आपल्या बोलण्यातही त्यांना फारशी जागा नाही. लग्न ठरेपर्यंतच्या गोष्टींना शब्द आहेत : स्थळ, पाहणे, पसंती, बैठक, याद्या, सुपारी, साखरपुडा. लग्न लागल्यावरच्या गोष्टींनाही आहेत : वरात, गृहप्रवेश, मांडवपरतणी. मधल्या दिवसांना मात्र नाव नाही. पुस्तकात 'वाग्दत्त वधू' असा भारदस्त शब्द सापडतो, पण आमच्या गावात कुणी तो उच्चारला तर लोक त्याच्या तोंडाकडे बघत राहतील. गावात एवढेच म्हणतात, "तिचं ठरलंय." कुणी ठरवले आणि काय ठरले, याचा त्या शब्दात पत्ता नाही. पाऊस पडावा तसे लग्न ठरते.

गेल्या कार्तिकात, तुळशीची लग्ने उरकल्यावर, माझ्या ताईचे असेच ठरले. लग्न वैशाखात आहे. म्हणजे मधे पाच-साडेपाच महिने. मी रोज एस.टी.ने कॉलेजला येते आणि संध्याकाळी घरी परतते. त्यामुळे दिवसा मराठीच्या तासाला स्त्रीजीवनावर टिपणे घ्यायची आणि रात्री ते जीवन घरात चाललेले पाहायचे, असा माझा या वर्षीचा दुहेरी अभ्यास झाला. त्यातल्या दुसऱ्या अभ्यासाची ही टिपणे.

आमच्या घरात तीन पिढ्यांची लग्ने शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. आजीचे लग्न चौदाव्या वर्षी झाले. आपले ठरल्याचे तिला कळले तेव्हा ती शेणी थापत होती. अंतरपाट दूर झाल्यावरही तिने नवऱ्याचे तोंड नीट पाहिले नाही, कारण मुंडावळ्या मधे येत होत्या. "मग पाहिलं कधी?" असे मी विचारले तर म्हणाली, "सुगी सरल्यावर. तवर कुणाला येळ हुता?" आईची गोष्ट निराळी. तिच्या लग्नाला 'यादीपे शादी' म्हणतात. याद्या करायला म्हणून मंडळी आली, देण्याघेण्याचे जमले, कुणीतरी म्हणाले, "मग आता कशाला लांबवता?" जेवणे उठायच्या आत पोरांनी मांडवाला डहाळे आणले आणि दिवस मावळायला अक्षता पडल्या. आईच्या आयुष्यात ठरणे आणि लागणे यांच्या मधे एक दुपार होती. त्या दुपारी ती चुलीपुढे पुऱ्या तळत होती.

'यादीपे शादी'ने खर्च वाचतो, हे खरे आहे. आमच्यासारख्या दोन एकरांच्या घराला तो वाचायलाच हवा. म्हणून ताईच्या बैठकीतही मामांनी ही गोष्ट काढली होती. पण ताईच म्हणाली, "मामा, मला थोडे दिवस द्या." सगळ्यांना वाटले, कपडे शिवायला दिवस हवेत. ताई गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते, फॉल लावते. लग्नसराईत तिच्या मशीनवर कापडांचा ढीग पडलेला असतो. तेव्हा तो समज अगदीच चुकीचा नव्हता. पण खरे कारण वेगळे होते. ते हळूहळू कळत गेले.

अभ्यासाच्या निमित्ताने या वर्षी रमाबाई रानड्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० सालचे पुस्तक वाचनात आले. रमाबाईंचे लग्न १८७३ साली झाले. त्या ११ वर्षांच्या होत्या आणि न्यायमूर्ती रानडे ३१ वर्षांचे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांना वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून या लहान मुलीशी लग्न करावे लागले. म्हणजे एवढ्या मोठ्या विद्वान माणसालाही स्वतःच्या लग्नात शब्द नव्हता, मग त्या मुलीला कुठला? पुढे रानड्यांनी पत्नीला शिकवले, वाढवले, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांचा संवाद सुरू झाला तो लग्न लागून गेल्यावर.

योगायोग असा की, त्याच १८७३ सालच्या डिसेंबरात पुण्याला सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पहिले लग्न लागले. भटजी नाही, फार खर्च नाही. जोतीराव फुल्यांनी या विधीसाठी स्वतः मंगलाष्टके रचली आणि १८८७ साली सर्व विधींसह ती छापली. त्यांत मला सर्वांत विशेष वाटले ते हे की, ही मंगलाष्टके नवरा आणि नवरी एकमेकांना उद्देशून म्हणतात. नवरी स्त्रियांच्या हक्काचे मागणे मागते आणि नवरा लोकांसमक्ष वचन देतो. आपण मांडवात मंगलाष्टके ऐकतो तेव्हा ती दोघे गप्प उभी असतात. बाकी सगळे बोलत असतात. फुल्यांनी त्या दोघांना बोलायला लावले. दीडशे वर्षांपूर्वी एकाच वर्षी पुण्यात या दोन्ही तऱ्हा होत्या. आमच्या गावात यांतली पहिलीच अजून जास्त चालते.

आता ताईकडे येते. होणाऱ्या मेहुण्यांना मी आत्तापासूनच दाजी म्हणते. ते चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून काम करतात. पाळी बदलती असते. पहिली पाळी असली की रात्री नऊच्या सुमारास त्यांचा फोन येतो. ताई मोबाइल दोऱ्याच्या रिळांच्या डब्याला टेकवून ठेवते, स्पीकर चालू करते आणि पायमशीन चालवता चालवता बोलते. सिनेमातल्या प्रेमिकांची बोलणी आणि ही बोलणी यांत काही साम्य नाही. "अहो, जेवलात का?" "आज मेसला काय होतं?" "पगार झाला का?" असे चालते. मधेच मशीनची घरघर वाढली की दाजी थांबतात. ती कमी झाली की पुढे बोलतात. आई पहिल्यांदा फार अवघडायची. लग्नाआधी रोज बोलणे तिला पटेना. पण बोलणे सगळ्यांसमोर आणि स्पीकरवर, तेव्हा आक्षेप तरी काय घेणार? पंधरा दिवसांनी तीच विचारू लागली, "आज फोन आला न्हाई का गं?"

ताईजवळ मापाची वही आहे. पुढच्या पानांवर गावातल्या बायकांची मापे : उंची, छाती, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. तीच वही उलटी धरून शेवटच्या पानापासून तिने लग्नाचा हिशेब मांडला. एका बाजूला आप्पांच्या मनातला आकडा, दुसऱ्या बाजूला 'आमचा'. 'आमचा' हा शब्द तिने त्या वहीत प्रथम लिहिला तेव्हा तो आमच्या घराविषयी नव्हता, हे माझ्या लक्षात आले आणि मला जरासे चुकल्यासारखे वाटले.

आप्पांचा आकडा होता सहा लाख. मंगल कार्यालय, हजार माणसांचे जेवण, बँड, डी.जे., रुखवत, मानपान, पोशाख. त्यातले दोन लाख आल्याच्या पिकाचे येतील, बाकीचे पतसंस्थेतून काढू, असा बेत. पण आल्याचा दर उतरला होता. त्यात २०२५ साली सोन्याने तोळ्यामागे लाखाचा आकडा ओलांडला. आप्पा रात्री ओट्यावर बसून तंबाखू मळत आणि काही बोलत नसत. मुलीच्या लग्नाचा बाप कसा दिसतो ते मी पुस्तकात पुष्कळ वाचले होते. पण ओट्यावरची ती पाठमोरी आकृती कुठल्या पुस्तकात नव्हती.

याद्यांविषयी एक गोष्ट मी कॉलेजच्या ग्रंथालयात वाचून घरी सांगितली. १९६१ च्या कायद्याने हुंडा देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे ठरले. पुढे १९८५ मध्ये नियम झाले की, लग्नात स्वखुशीने आलेल्या भेटवस्तूंची लेखी यादी करावी आणि तिच्यावर वधू-वरांनी सह्या कराव्यात. म्हणजे यादी सरकारलाही हवी आहे! फरक एवढाच की, गावच्या यादीवर पंच आणि व्याही सह्या करतात, कायद्याच्या यादीवर त्या दोघांनी सह्या करायच्या असतात. माझे हे व्याख्यान ऐकून आप्पा म्हणाले, "पोरी, कायदा बरोबर हाय. पर कायदा जेवायला येत न्हाई, पाव्हणं येत्यात."

हा मुद्दा ताईने आणि दाजींनी मिळून सोडवला, आणि तोही एका दमात नव्हे. आधी डी.जे. गेला. मग कार्यालय जाऊन देवळापुढचे पटांगण आले. हजाराची माणसे साडेतीनशेवर आली. प्रत्येक गोष्टीसाठी दाजींना त्यांच्या घरी आणि ताईला आमच्या घरी वेगळे भांडावे लागले. दाजींच्या मित्रांनी 'प्री-वेडिंग शूट'चा हट्ट धरला होता. हल्ली आमच्याकडच्या खेड्यांतही हे आले आहे. जन्मात साडी-सलवारीशिवाय काही न ल्यालेली मुलगी भाड्याचा लांबलचक झगा घालून माळावरून पळते आणि वरून ड्रोन घिरट्या घालतो. फोटोवाल्याने पंचवीस हजार सांगितले. ताईने मशीनचा पाय थांबवून विचारले, "अहो, आपण पळताना कसं दिसतो ते बघायला पंचवीस हजार?" पलीकडून हसणे ऐकू आले. शूट गेले. दाजींची एक गोष्ट मात्र ताईला मान्य करावी लागली : घोड्याची. त्यांच्या आईची फार इच्छा होती. घोडा राहिला.

मग प्रश्न आला मधुचंद्राचा.

हा शब्द मुळी आपला नव्हे. इंग्रजी 'हनिमून'चे ते शब्दशः भाषांतर आहे. १९६७ साली राजा ठाकुरांनी या नावाचा मराठी सिनेमा काढला, तेव्हा शहरी घरांत तरी तो शब्द रुळला असावा. आमच्या आजीला आजही तो माहीत नाही. आमच्याकडे लग्नानंतर नवराबायको बाहेर पडतात ती कुलदैवताला. जेजुरीच्या पायऱ्यांवर नवऱ्याने नवरीला उचलून घ्यायचे, निदान पाच पायऱ्या तरी, भंडारा उधळायचा आणि घरी येऊन जागरण-गोंधळ घालायचा. सोबत सासू, नणंद, दोन-तीन करवल्या आणि भाड्याची जीप. आमच्या घरातील कुठल्याही नवराबायकोने दोघेच असा प्रवास आजवर केलेला नाही. आई आणि आप्पा दोघेच गेल्याची एकमेव नोंद म्हणजे आप्पांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची.

दाजींच्या कारखान्यातली मुले मनाली, गोवा अशा ठिकाणी 'पॅकेज' घेऊन जातात. दाजींनाही मनालीचा बर्फ बघायचा होता. त्यांनी चाळीस हजारांचा आकडा सांगितला. त्यातले अर्धे ते घालणार, अर्धे ताईच्या शिलाईच्या शिलकीतून. ताईने वही उघडली. रजा मिळणार आठ दिवस. हळद आणि लग्न, दोन. सत्यनारायण, एक. जेजुरी, एक. जागरण-गोंधळ, एक. मांडवपरतणी, एक. उरले दोन. "दोन दिवसांत मनालीचा रस्तासुद्धा संपायचा नाही," ती म्हणाली. "मग दिवाळीत जाऊ," दाजी म्हणाले. आजी कोपऱ्यात वाती वळत होती. तिला एवढे बरोबर ऐकू आले. "दिवाळीला? तवर पाळण्याची तयारी करावी लागंल!" ताई लाल झाली आणि त्या रात्री फोन लवकर संपला.

तोडगा निघाला तो महाबळेश्वरचा. आमच्याच जिल्ह्यातले ठिकाण, पण आमच्या घरातील कुणी पाहिलेले नाही. साहेबांनी आपल्या थंड हवेसाठी वसवलेले आणि नंतर मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांनी भरलेले ते गाव आपल्यासाठी आहे, असे आम्हांला कधी वाटलेच नव्हते. ताईने सांगितले, साताऱ्याहून एस.टी. आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट, म्हणजे दीड तिकिटात मधुचंद्र. वैशाखात तिथे गर्दी आणि भाडी दोन्ही वाढलेली असतात, म्हणून बाजारपेठेतले हॉटेल सोडून जवळच्या एका गावात घरगुती खोली दाजींनी एका रात्रीपुरती ठरवली.

राहिली आजीची परवानगी. दोघांनीच जायचे हे तिला पटवायचे कसे? हे काम माझ्याकडे आले. मी तिला क्षेत्र महाबळेश्वरच्या देवळाविषयी सांगितले. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथे मानतात. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरून समुद्राला मिळते. वेण्णा साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेत येते. कृष्णा आणि कोयना एकाच डोंगरावरून निघतात, निरनिराळ्या दऱ्यांतून वाहतात आणि पुढे कराडला समोरासमोर येऊन भेटतात. आजीने वाती बाजूला ठेवल्या. "म्हंजी आपली कृष्णामाई तिथनं निघती व्हय?" मी म्हटले, हो. "मग जाऊ द्या की पोरास्नी. देवाला कोण नको म्हणतंय?" अशा रीतीने मधुचंद्राचे देवदर्शन झाले आणि घरात कुणाचीच हार झाली नाही.

इतके सगळे जमत आले असताना पौषात एक गोष्ट घडली. मनालीचे पैसे वाचले होते. ताईचा विचार होता की, आपल्या वाट्याच्या पैशांतून पिकोचे मशीन घ्यावे आणि पायमशीनसह ते चाकणला न्यावे. तिथे कामगारांच्या वस्तीत शिवणाऱ्या बाईला काम कमी पडणार नाही. ती हे सांगत होती आणि पलीकडून दाजी म्हणाले, "अगं, खोली दहा बाय बाराची. मशीन ठेवायचं कुठं? आणि आता कशाला पाहिजे ते? मी आहे ना कमवायला."

दाजींनी हे मायेने म्हटले होते. मी ऐकले आहे, आवाजात माया होती. पण ताईचा पाय थांबला. ती म्हणाली, "मशीन येणार नसेल तर मला विचार करावा लागेल." आणि फोन ठेवला.

पुढचे चार दिवस फोन आला नाही आणि ताईने केलाही नाही. त्या चार दिवसांत साखरपुडा झालेल्या मुलीच्या घरात काय घडते ते मी पाहिले. आई म्हणाली, "पुरुषमाणसानं म्हटलं तर हो म्हणावं. मशीन काय, मागनं नेता येतं." आप्पा काही म्हणाले नाहीत, पण पतसंस्थेत जायचे होते ते गेले नाहीत. मामांचा फोन आला, "ठरलेलं मोडलं तर धाकटीचंही अवघड होईल." धाकटी म्हणजे मी. एका मशीनवरून ही मुलगी आपले आणि बहिणीचे नुकसान करते आहे, असे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होते. ताई मात्र रोज रात्री नऊ वाजता मशीनवर बसे आणि दुसऱ्यांच्या लग्नाचे ब्लाउज शिवत राही. मी विचारले, "ताई, भीती नाही वाटत?" तिने दात लावून दोरा तोडला. "वाटते की. पण हे आत्ता बोलले नाही तर मग कधी बोलू? तिथं गेल्यावर?"

त्या क्षणी मला कळले की, तिने मामांकडे दिवस मागितले होते ते कशासाठी.

पाचव्या दिवशी फोन आला. दाजींनी "जेवलीस का" असेही विचारले नाही. म्हणाले, "आज सुट्टी होती. टेप आणून खोली मोजली. खिडकीखाली साडेतीन फूट जागा निघतीय. तुझं मशीन बसतंय. उजेडही येतोय. फक्त पलंग पलीकडच्या भिंतीला लावायला लागेल." ताईने काही उत्तर दिले नाही. मापाची वही उघडली आणि शेवटच्या बाजूच्या पानावर लिहिले : खिडकी, ३॥ फूट. मग म्हणाली, "भिंतीला ओल नाही ना?"

सारे बदलले असे मी म्हणत नाही. घर सोडून जायचे आहे ते ताईलाच. दाजींना आपले गाव, नाव, आडनाव काही बदलायचे नाही. खर्च निम्म्यावर आला तरी आप्पांना सव्वा लाख पतसंस्थेतून काढावेच लागले. मानपानाचे फेटे आणि साड्या तशाच राहिल्या. रात्री सगळे निजल्यावर आई एकटीच रुखवताची भांडी पुसून पुन्हा कागदात गुंडाळते, तेव्हा तिच्याशी काय बोलावे मला कळत नाही. पण आईला जी एक दुपार मिळाली होती तिचे ताईने पाच महिने केले, आणि त्या महिन्यांत दोन अनोळखी माणसे एकमेकांना 'नाही' म्हणायला आणि ते ऐकून घ्यायला शिकली. मंगलाष्टके अजून व्हायची आहेत. फुल्यांनी त्यांत घातलेले मागणे आणि वचन आमच्या घरी मात्र पौषातच झाले. त्या वेळी मांडव नव्हता आणि साक्षीला आजी होती, मी होते आणि दोऱ्यांच्या रिळांचा डबा होता.

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा ताई बहुधा चाकणला खिडकीखाली बसून कुणाच्या तरी साडीला पिको करीत असेल. आपल्या वर्गातल्या पुष्कळ जणींचे आणि जणांचे येत्या दोन-चार वर्षांत ठरेल. घरचे विचारतील, तारीख कधीची धरायची? थोडी लांबची धरा म्हणावे. कार्यालय मिळावे म्हणून नव्हे आणि कपड्यांसाठी तर नव्हेच. जे बोलायचे ते अक्षता पडण्याच्या आत बोलून व्हावे म्हणून.